साल आधी, डबे नंतर
छोट्या रुळांवरचे प्रश्नोत्तर

या वेळची बहुतेक पत्रे १९५० च्या दशकातल्या ब्रिटिश रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींची (मॉडेल रेल्वेची) आहेत आणि जवळजवळ सगळी ओओ मापातली, म्हणजे खऱ्या १ फुटाला ४ मि.मी. खालची सगळी मापे त्याच हिशेबाने दिली आहेत.

प्रश्न : वेस्टर्न रीजनचे ग्रामीण स्टेशन करतो आहे. माझ्याकडे काळे पॅनिअर टँक इंजिन (बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेले; टाकीवर चाकावर उभ्या सिंहाची खूण), लाल-क्रीम रंगाचे दोन डबे, एक पूर्ण मरून डबा आणि तोंडावर पिवळा चौकोन असलेली हिरवी डिझेल रेलकार आहे. हे सगळे एकत्र चालेल का? साल कोणते धरू? (डोंबिवली)

१९५७ ते १९५९ यांतले कोणतेही साल धरा. रेलकार सोडून सगळे चालेल.

१ जानेवारी १९४८ ला चारही मोठ्या रेल्वे कंपन्यांचे (ग्रेट वेस्टर्न, सदर्न, एलएमएस, एलएनईआर) राष्ट्रीयीकरण होऊन रेल्वेचे वेस्टर्न, सदर्न असे रीजन, म्हणजे विभाग, झाले, पण रंग काही एका रात्रीत बदलले नाहीत. कॉरिडॉरच्या डब्यांना लाल-क्रीम १९४९ पासून मिळू लागला आणि १९५६ मध्ये मरूनचा हुकूम आला. डबा कारखान्यात रंगायला जाईल तेव्हाच नवा रंग चढणार, त्यामुळे पुढची काही वर्षे एकाच गाडीत दोन्ही रंग दिसत. उलट, सगळे डबे एकाच ताज्या रंगात लावले तर गाडी दुकानाच्या शोकेसमधली वाटते. तुमचा मरून डबा मधे लावा.

इंजिनावरची खूणही तशीच. चाकावर उभा सिंह ही जुनी खूण. १९५६ पासून मुकुटातून वर आलेला, हातात चाक धरलेला सिंह आला, पण जुनी खूण पुढे कित्येक वर्षे इंजिनांवर राहिली. एक गंमत लक्षात ठेवा. नव्या खुणेतला सिंह सुरुवातीला इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पुढे तोंड करून लावला जाई, म्हणजे उजव्या बाजूला तो उजवीकडे पाही. मानचिन्हांच्या नियमात ते बसेना, म्हणून पुढे दोन्ही बाजूंना डावीकडेच पाहणारा सिंह आला. तुमच्या एखाद्या दुसऱ्या इंजिनावर उजवीकडे पाहणारा सिंह असेल तर ती छपाईची चूक समजून खरवडू नका.

पिवळा चौकोन मात्र १९६० नंतरचा. तीच रेलकार तोंडावर पिवळ्या मिशा रंगवलेली मिळते, ती घ्या.

नंबरांचा नियम सोपा आहे. सदर्नच्या इंजिनांच्या नंबरात ३०,००० मिळवले गेले, एलएमएसच्या ४०,००० आणि एलएनईआरच्या ६०,०००. ग्रेट वेस्टर्नचे नंबर होते तसेच राहिले, कारण त्यांच्या पितळी पाट्या ओतीव होत्या. पण धुराड्याखालच्या गोल दारावर नंबराची पाटी नवीन बसली. ती नसेल तर तुमचे इंजिन अजून १९४७ मध्येच आहे. स्टेशनच्या नावाच्या पाट्या वेस्टर्नमध्ये तपकिरी (सदर्नमध्ये हिरव्या, लंडन मिडलंडमध्ये मरून). आणि ३ जून १९५६ ला थर्ड क्लासचे नाव सेकंड क्लास झाले, तेव्हा फलाटावरच्या जाहिरातींत 'थर्ड' दिसता कामा नये.

प्रश्न : कोळशाच्या रंगीत वाघिणी घेतल्या आहेत, प्रत्येकीवर व्यापाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत. १९५८ मध्ये त्या चालतील ना? (नाशिक)

अशा चकचकीत नाही चालणार. खासगी मालकीच्या या वाघिणी १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सामाईक वापरात गेल्या, १९४८ मध्ये रेल्वेच्या झाल्या, आणि मधल्या काळात त्यांना रंग लावायला कोणाला सवड नव्हती. लाकूड उघडे पडले, नावे पुसट झाली. पण टाकून देऊ नका. जुन्या वाघिणीसाठी यापेक्षा चांगला कच्चा माल नाही.

चाके काढून ठेवा. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवून नावावर हलकेच फिरवा. अक्षर पुसट दिसेल एवढेच, पूर्ण घालवायचे नाही. घासत राहिलात तर खालचा रंग निघून प्लॅस्टिक चमकू लागते, म्हणून दर पाच-सहा फेऱ्यांनी थांबून पाहा. मग करडा, करडा-तपकिरी आणि फिकट राख असे तीन अ‍ॅक्रिलिक रंग घेऊन एकेक फळी वेगळी रंगवा. शेजारच्या दोन फळ्या एकाच छटेच्या नकोत. एखादी फळी नव्या लाकडाची ठेवा, दुरुस्ती झाल्यासारखी. बाजूच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात साधारण १२ × ६ मि.मी.चा काळा चौकोन काढून त्यावर 'पी'ने सुरू होणारा पांढरा नंबर ट्रान्सफरने बसवा. रेल्वेने या वाघिणींना दिलेली ओळख म्हणजे हा 'पी'. शेवटी पाण्यासारखा पातळ काळा-तपकिरी रंग सगळीकडून ओढा आणि मॅट व्हार्निश द्या. चाकांच्या रुळावर टेकणाऱ्या कडेला रंग लागू देऊ नका. लागला तर तो रुळांवर पसरतो आणि सगळी इंजिने अडखळतात.

गाडीत अशा दोन-तीन, बाकी १६ टनी पोलादी वाघिणी. त्या करड्या असतात, आणि बाजूवरची तिरकी पांढरी रेघ टोकाचे दार कुठे आहे ते दाखवते. ज्यांना व्हॅक्यूम ब्रेक होता त्या वाघिणी तांबूस-तपकिरी, ज्यांना नव्हता त्या करड्या. कोळशाच्या वाघिणी करड्या, म्हणजे व्हॅक्यूम ब्रेक नसलेल्या, म्हणूनच त्यांच्या गाडीला शेवटी गार्डचा ब्रेकव्हॅन लागतोच. वेस्टर्नचा हवा तर एकाच टोकाला व्हरांडा असलेला घ्या.

कोळसा मात्र चिकटवू नका. भरलेली गाडी खाणीकडून येते, रिकामी परत जाते. पातळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर खऱ्या कोळशाचा चुरा चिकटवून तो तुकडा वाघिणीत सैल ठेवा, म्हणजे परतीच्या फेरीत काढता येईल.

प्रश्न : माझे रूळ अरुंद दिसतात. डोळ्यांना काहीतरी खटकते. माप चुकले आहे का? (पुणे)

डोळे बरोबर आहेत. ४ फूट ८½ इंच म्हणजे ४ मि.मी.च्या मापात १८.८३ मि.मी. व्हायला हवेत, ओओचे रूळ १६.५ मि.मी. आहेत, म्हणजे ४ फूट १½ इंच. ब्रिटिश इंजिने मुळात लहान अंगाची, जुन्या काळच्या मोटारी त्यांच्यात मावेनात. म्हणून रूळ एचओचेच (१ फुटाला ३.५ मि.मी. या मापाचे) ठेवून अंग तेवढे मोठे केले, आणि ही विसंगती कायमची बसली. आपली नजर ५ फूट ६ इंचांच्या ब्रॉडगेजला सरावलेली, त्यामुळे आपल्याला ते अधिकच बोचते.

१८.२ मि.मी. रुंदीचे ईएम किंवा १८.८३ चे पी४ नावाचे रूळ हे उपाय आहेत, पण मग प्रत्येक इंजिनाची चाके बदलावी लागतात. पहिल्याच मांडणीला तो व्याप नको. खटकण्यातला निम्मा भाग रुंदीचा नसून स्लीपरांचा असतो. नेहमीच्या फ्लेक्सिबल रुळाचे स्लीपर आखूड आणि दाट असतात. ब्रिटिश स्लीपर ८ फूट ६ इंच, म्हणजे ३४ मि.मी. लांब; ६० फुटी रुळाखाली, म्हणजे २४० मि.मी.मध्ये, साधारण २४. कोड ७५ चा (०.०७५ इंच उंचीचा) बुलहेड रूळ, म्हणजे सपाट तळ नसलेला, माथा आणि तळ दोन्ही गोलसर असलेला रूळ, घेतला तर ही दोन्ही मापे जवळ येतात, आणि त्या काळी शाखामार्गांवर रूळही बुलहेडच असत. शिवाय दर २४० मि.मी.वर रुळाच्या माथ्यावर बारीक करवतीची हलकी खाच पाडा. गाडी खडक्-खडक् वाजते.

रुळाच्या बाजू गंजकट तपकिरी रंगवा, माथा लगेच पुसा. मग खडी पसरा. आधी तिच्यावर भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातलेले पाणी फवारा, नंतर पांढरा फेव्हिकॉल आणि पाणी सम प्रमाणात मिसळून ड्रॉपरने सोडा. आधीची फवारणी चुकवली तर गोंदाचे थेंब वरच गोळा होऊन खडी विस्कटतात. सांध्याच्या (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या पॉइंटच्या) हलत्या दांड्याखाली गोंद जाऊ देऊ नका. यार्डात खडीऐवजी काळी-करडी राख टाका, तीही स्लीपरच्या माथ्यापर्यंत.

प्रश्न : चार चाकी छोटे इंजिन सांध्यावर थांबते. म्हणून इलेक्ट्रोफ्रॉग (छेदाचा भाग धातूचा असलेले) सांधे आणले, तर आता सांधा बदलला की सगळेच बंद पडते. (बेळगाव)

पहिल्या सांध्यात रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो भाग प्लॅस्टिकचा होता. चार चाकांपैकी एकाच बाजूचे एक चाक विजेवर उरते, त्याखाली जरा धूळ आली की संपले. नव्या सांध्यात तो भाग धातूचा आहे आणि सांधा जिकडे वळेल त्या बाजूची वीज घेतो. पुढच्या रुळांना दुसरीकडून उलटी वीज मिळत असेल तर शॉर्ट होणारच. छेदाच्या टोकाकडून निघणाऱ्या आतल्या दोन्ही रुळांना प्लॅस्टिकचे जोड लावा आणि त्यांच्या पलीकडे वीज स्वतंत्र तारांनी द्या. दोन्ही रुळांना, एकाला नव्हे.

तरीही चाके उतरत असतील तर व्हर्नियरने दोन चाकांच्या आतल्या पाठींमधले अंतर मोजा. ते १४.४ ते १४.५ मि.मी. हवे. हलक्या वाघिणीत शिसे घालून वजन ५० ग्रॅमपर्यंत न्या.

प्रश्न : सिग्नलचा हात खाली पडणारा घ्यावा की वर उचलला जाणारा? (सोलापूर)

वेस्टर्नमध्ये 'सिग्नल पडला' हे आपले वाक्य अक्षरशः खरे आहे: हात खाली झुकला की गाडीला वाट मोकळी. बाकी रीजनांमध्ये बहुतेक ठिकाणी हात वर जातो. डिस्टंट सिग्नलचा (पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणाऱ्याचा) हात पिवळा, टोकाला माशाच्या शेपटीसारखा कापलेला. छोट्या शाखामार्गावर तो अनेकदा सावध स्थितीतच पक्का केलेला असे, तेव्हा त्याला मोटार बसवण्याचा खर्च वाचवा.

प्रश्न : पावसाळ्यात फळी फुगून रूळ वर उचलले गेले. (रत्नागिरी)

एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड असेल तर ते बदला. ९ मि.मी.चे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारे) प्लायवूड घ्या, खाली दर ३०० मि.मी.वर आडवी पट्टी द्या, आणि वर-खाली-कडांना व्हार्निशचे दोन हात मारा. लोक फक्त वरची बाजू रंगवतात, ओल खालून आणि कडेने शिरते. रूळ तापून फार वाढत नाही: १ मीटरला १५ अंश तापमानवाढीत पाव मि.मी.च्या आसपास. तेव्हा दर जोडाला अर्ध्या मि.मी.ची फट पुरे. जोड सोल्डर करू नका, प्रत्येक तुकड्याला वेगळी तार द्या. महिनाभर मांडणी बंद राहिली तर रूळ अल्कोहोलने पुसा. सँडपेपर नको, त्याच्या ओरखड्यांत मळ धरतो.