भूमितीचं वेड आणि पावणेदोन लाखांची बॅच

कळव्याहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं कापून देतो:

"माझी मुलगी नववीत आहे. ठाण्यातली शाळा, राज्य मंडळ, सेमी-इंग्रजी. आठवीत गणित प्राविण्य परीक्षेला बसली तेव्हापासून भूमितीचं वेड लागलं आहे. यंदा सप्टेंबरमध्ये आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिम्पियाडची पहिली चाळणी परीक्षा, दिली. भूमितीचे बहुतेक प्रश्न बरोबर आले, बाकीच्यांना हातच लावला नाही, त्यामुळे निवड झाली नाही. एकेका प्रश्नापाशी दोन-दोन दिवस बसून असते. आणि शाळेच्या घटक चाचणीत मार्क गेले तेही भूमितीतच! बाई म्हणतात, पायऱ्या लिहीत नाही. घोडबंदर रोडच्या एका क्लासमध्ये चौकशी केली, तर ते म्हणाले ही भूमिती जेईईला येतच नाही, वेळ फुकट घालवू नका, आत्ताच फाउंडेशन बॅचला घाला. दोन वर्षांचे पावणेदोन लाख. तिचे बाबा म्हणतात, भरून टाकू. शाळा बदलून सीबीएसईला घालावं का, असाही विषय घरात निघतो. भूमितीवर पोट भरतं का, ते स्पष्ट सांगा."

ताई, स्पष्टच सांगतो. पैसे आत्ता भरू नका. शाळा तर मुळीच बदलू नका. आणि मुलीला सांगा की नुसत्या भूमितीवर ती या स्पर्धेत दुसरी पायरीही चढणार नाही. शेवटचं वाक्य तिला आवडणार नाही, पण तुमच्या पत्रातली खरी अडचण तीच आहे.

आधी क्लासवाल्यांचं. ते खोटं बोलत नाहीत. जेईईत निर्देशक भूमिती असते, सदिश असतात, त्रिकोणमिती असते. पक्ष, साध्य, सिद्धता अशी जी भूमिती तुमची मुलगी करते, ती तिथे जवळपास नाहीच. पण त्यावरून 'वेळ फुकट' हा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. नववीतल्या मुलीने वेळ कशात घालवला हे ठरवायचं तर ती नेमकं काय करते ते बघावं लागेल. म्हणून एक उदाहरण देतो. कंटाळा आला तर हा भाग तिला वाचायला द्या.

अबक हा लघुकोन त्रिकोण घ्या. त्याचे शिरोलंब जिथे मिळतात तो बिंदू ह. आता बक ही बाजू आरसा समजून ह चं प्रतिबिंब पलीकडे घ्या, त्याला प म्हणा. सांगायचं आहे ते हे की प नेहमी त्रिकोणाच्या परिवर्तुळावरच पडतो. त्रिकोण कसाही काढा, लघुकोन असला की झालं. पहिल्यांदा आकृती काढणाऱ्याला हा योगायोग वाटतो, दुसऱ्यांदा वाटतो, तिसऱ्यांदा मात्र शंका यायला लागते.

आता कारण. ब आणि क मधून काढलेले लंब समोरच्या बाजूंना ल आणि म मध्ये मिळतात. अ, म, ह, ल या चौकोनात म आणि ल इथले कोन काटकोन, म्हणून ∠महल = 180° − ∠अ. ∠बहक हा त्याचा विरुद्ध कोन, तोही तेवढाच. प्रतिबिंबामुळे त्रिकोण बहक आणि बपक एकरूप, म्हणून ∠बपक सुद्धा 180° − ∠अ. म्हणजे अबपक या चौकोनात समोरासमोरच्या दोन कोनांची बेरीज 180° झाली. चौकोन चक्रीय, प वर्तुळावर. संपलं.

यात वापरलं काय? विरुद्ध कोन, एकरूपता, आणि चक्रीय चौकोनाच्या प्रमेयाचा व्यत्यास. सगळं बालभारतीच्या पुस्तकातलं. फक्त प्रतिबिंब घ्यायचं सुचलं पाहिजे, आणि तिची दोन-दोन दिवसांची बैठक त्या सुचण्यासाठी असते. स्पर्धेच्या भूमितीत सूत्रं फार थोडी लागतात. एखादी जादा रेषा, एखादा जादा बिंदू कुठे काढायचा, यावर सगळा खेळ असतो. याच प्रतिबिंबातून पुढे नऊ बिंदूंचं वर्तुळ निघतं. तिला ते माहीत असेलच, नसेल तर सांगू नका, तिचं तिला सापडू द्या.

बालभारतीचं नाव निघालंच आहे तर शाळा बदलण्याचा विषयही इथेच मिटवू. भूमितीच्या बाबतीत आपलं राज्य मंडळ उदार आहे, आणि हे पालकांना कोणी सांगत नाही. दहावीला भूमितीचा वेगळा पेपर, 40 गुणांचा. त्यात कोनदुभाजकाचं प्रमेय आहे, अपोलोनियसचं प्रमेय आहे, अंतर्लिखित कोन, चक्रीय चौकोन, जीवांच्या छेदनाचं प्रमेय, स्पर्शिका-छेदिका हे सगळं आहे. सीबीएसईच्या दहावीत वर्तुळाचा धडा स्पर्शिकेच्या दोन प्रमेयांवर आटोपतो. जिला भूमिती आवडते तिला इथून काढून तिकडे घालणं म्हणजे पोहणाऱ्या मुलीला तलावावरून उचलून टबात बसवणं.

घटक चाचणीतल्या मार्कांबद्दल मी बाईंच्या बाजूचा आहे. मुलीला वाटत असेल, उत्तर दिसतंय मग कारणं कशाला खरडायची? तिचा हा समज आयओक्यूएमने पक्का केला असणार. त्या परीक्षेत 3 तासांत 30 प्रश्न आणि 100 गुण. प्रत्येक उत्तर 00 ते 99 मधली एक संख्या, ओएमआर पत्रिकेवर गोल काळे करायचे. सिद्धता कोणी विचारत नाही. आकृती नेटकी काढून अंदाज बांधला तरी कधीकधी उत्तर निघतं. पुढची पायरी आरएमओ, म्हणजे विभागीय ऑलिम्पियाड, तिथे चित्र पालटतं. 3 तास आणि मोजके सहा प्रश्न, प्रत्येकाची पूर्ण लेखी सिद्धता. आकृतीत दिसतंय म्हणून कोणी गुण देत नाही. पट्टी आणि कंपास नेता येतो, कोनमापक नेता येत नाही. मोजून सांगायचं नाही, कारण द्यायचं. शाळेच्या वहीत उजवीकडे कंसात 'एकाच कंसातील अंतर्लिखित कोन' असं लिहायचा जो तिला कंटाळा येतो, तेच तिथे गुण मिळवून देतं. तेव्हा बाईंशी वाद नको. उलट तिने स्वतः सोडवलेले स्पर्धेचे प्रश्न आठवड्यातून एकदा पूर्ण लिहून काढावेत आणि बाईंना दाखवावेत. बाईंना स्पर्धेचा अनुभव नसला तरी चालेल. 'ही ओळ कुठून आली?' एवढं विचारणारं कोणीतरी समोर हवं.

आता कडू भाग. ही स्पर्धा चार विषयांची आहे: बीजगणित, संख्या सिद्धांत (पूर्णांकांच्या गुणधर्मांचे प्रश्न), भूमिती आणि चयनशास्त्र, म्हणजे मोजणीचे आणि मांडणीचे प्रश्न. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये दोन दिवस, रोज साडेचार तास, तीन-तीन प्रश्न, प्रत्येकी 7 गुण. 2024 च्या आणि 2025 च्या स्पर्धेत सहांपैकी निव्वळ भूमितीचा प्रश्न एकेकच होता. बाकी पाच? तुमच्या मुलीने बाकीच्या प्रश्नांना हात लावला नाही, ते तिला येत नाहीत म्हणून नाही. भूमितीत आकृती काढली की सुरुवात तरी होते. संख्या सिद्धांतात कोरा कागद समोर असतो, तिथे सुरुवात कशी करायची हे तिला कोणी दाखवलेलं नाही. भूमितीत हुशार असणाऱ्या बऱ्याच मुलांचं असं होतं. आवडीच्या विषयात ती इतकी रमतात की बाकीच्याची भीती उघडी पडत नाही. पुढचे सहा महिने भूमिती रविवारपुरती ठेवा. बाकी दिवस विभाज्यता, बाकी उरण्याचं गणित, कबुतरखान्याचं तत्त्व, साधी असमानता. रोज एक तास खूप झाला.

यासाठी लाखांची गरज नाही. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र देशभरातले ऑलिम्पियाड पाहतं, आणि जुन्या आरएमओच्या आणि त्यापुढच्या आयएनएमओ या राष्ट्रीय फेरीच्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्सहार्बरने वाशी, मग पूल ओलांडला की मानखुर्द. देशातली मुलं ज्या संस्थेचं नाव दिल्लीत आणि पाटण्यात बसून घेतात, ती तुमच्यापासून तीन गाड्यांवर आहे. 1996 ची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही मुंबईतच झाली होती.

मुलगी आहे म्हणून आणखी एक. युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाड नावाची स्पर्धा 2012 पासून होते, तिला भारताचा चार मुलींचा संघ जातो. तिथे पोचायची वाट आयएनएमओवरूनच आहे, म्हणजे लांबची आहे. पण वर्गात या नादाची ती एकटीच मुलगी असेल, तर असा एक संघ आहे हे तिला माहीत असू द्या.

तुमचा मूळ प्रश्न, पोट भरतं का. स्पर्धेच्या भूमितीवर थेट कोणाचंच भरत नाही, शिकवणारे सोडून. बाबा कदाचित पेपरमधली बातमी दाखवतील: गूगल डीपमाइंडच्या अल्फाजॉमेट्री या प्रणालीने जानेवारी 2024 मध्ये जुन्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधले भूमितीचे 30 पैकी 25 प्रश्न सोडवून दाखवले. बातमी खरी आहे. म्हणून 'अवघड प्रश्न सुटतो' याला उद्या कोणी पगार देईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण सिद्धता वाचून तिच्यातलं भोक शोधणारी, स्वतः चोख मांडणी करणारी माणसं संगणकशास्त्रात, संख्याशास्त्रात, वित्तक्षेत्रात, संशोधनात लागतात, आणि त्यांना घडवणाऱ्या संस्था देशात आहेत. कोलकाता आणि बंगळूरची भारतीय सांख्यिकी संस्था, चेन्नईची मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट. यांच्या प्रवेश परीक्षेत कारणांसह लिहायचे प्रश्न असतात, आणि आयएनएमओत चमकलेल्यांना सवलत असते. घराजवळ हवं असेल तर कलिनाला मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाचं मूलभूत विज्ञान केंद्र आहे, बारावीनंतर नेस्ट परीक्षेतून पाच वर्षांचा एमएस्सीचा अभ्यासक्रम. काही आयआयटीही आता ऑलिम्पियाडच्या वाटेने थोडे प्रवेश देतात. नियम बदलत राहतात, त्या-त्या वर्षी त्यांच्याच संकेतस्थळावर पाहा, क्लासच्या पत्रकावर नको.

आणि जेईई? तीही सोडायची नाही. तो निर्णय दहावीच्या परीक्षेनंतर घ्या, तेव्हाही उशीर झालेला नसेल. तिला तोवर अभियांत्रिकी हवी आहे की गणित, हे थोडंफार कळलं असेल. दहावीच्या सप्टेंबरात ती पुन्हा आयओक्यूएमला बसेल. चारही विषय करून बसली आणि तरी रस टिकला, तर ती गणिताची मुलगी आहे. भूमितीबाहेर पाऊल टाकताच रस आटला, तर हा तिचा छंद आहे, तोही चांगलाच, आणि मग जेईईचा क्लास अकरावीला निवांत लावा. फाउंडेशनचं काय चुकतं तर ते हे उत्तर मिळायच्या आधीच फी घेतात, आणि आठवड्याचे तास इतके भरून टाकतात की मुलीला एका प्रश्नापाशी दोन दिवस बसणं शक्यच होत नाही.

त्या दोन दिवसांची काळजी करू नका, पण थोडी शिस्त लावा. एका बैठकीत दीड तास झाला की वही मिटायची. आतापर्यंत काय करून पाहिलं ते दोन ओळींत लिहून ठेवायचं. तिसऱ्या दिवशीही सुटलं नाही तर उत्तराची फक्त पहिली ओळ वाचायची आणि पुन्हा बसायचं. सगळं उत्तर एकदम वाचलं की प्रश्न वाया जातो. घरात 'सुटलं का गं?' असं रोज विचारणं मात्र थांबवा, बाबांनीही.

तिच्यासाठी एक प्रश्न पाठवतो. वरच्याच त्रिकोणात ह चं प्रतिबिंब बक या बाजूत न घेता बक च्या मध्यबिंदूत घ्या, म्हणजे ह पासून मध्यबिंदूपर्यंतची रेषा तेवढीच पुढे वाढवा. येणारा बिंदूही परिवर्तुळावर पडतो, आणि तिथे त्याची जागा अगदी ठरलेली असते. कुठली, ते तिने शोधावं. सिद्धता कारणांसह एका पानात लिहावी आणि ते पान आधी बाईंना दाखवावं.