ठाणे-ऐरोली लोकलने रोज ऑफिसला जाते, रोज लावायला व्हर्साचेचा ब्राइट क्रिस्टल परफ्यूम घ्यावा का?

घ्या, पण मॉलमध्ये कागदाच्या पट्टीवर वास घेऊन तिथल्या तिथे घेऊ नका आणि पहिल्यांदाच 90 एमएल तर अजिबात नको. तुम्ही विचारलंय की दिवसभर टिकतो का आणि एसीमध्ये शेजारच्यांना त्रास होईल का. मी नौपाड्यात राहते, ऑफिस ऐरोलीला, म्हणजे तुमचाच रूट, आणि तिसरी बाटली चालू आहे, त्यामुळे माझं मत तुम्हाला बऱ्यापैकी लागू पडेल.

आधी वास. हा 2006 साली आला, बनवणारा अल्बेर्तो मोरियास, ज्याने आक्वा दी जिओ हा गाजलेला परफ्यूम केला आणि सीके वन या दुसऱ्या गाजलेल्या परफ्यूमवरही काम केलं, म्हणजे आत्ताच आंघोळ करून आल्यासारखा वास देण्यात माणूस मुरलेला आहे. मारल्या मारल्या युझू, म्हणजे जपानकडचं लिंबाच्या जातीचं फळ, आणि डाळिंब, मग पिओनी, मॅग्नोलिया, कमळ ही फुलं, आणि शेवटी मस्क, म्हणजे कस्तुरीसारखा वास, आणि अंबर, म्हणजे ऊबदार गोडसर वास, उरतो. डाळिंब वाचून सोललेले दाणे डोळ्यासमोर आणू नका, त्याला मुळात वास असतो कुठे एवढा! परफ्यूममधलं डाळिंब लॅबमध्येच रचलेलं असतं, पिओनीचंही तेच, त्या फुलाचं तेल नीट निघतच नाही. नाकाला एकूण जाणवतं ते म्हणजे थंडगार आंबटगोड सरबत आणि पाठोपाठ धुऊन वाळवलेल्या कपड्यांवर ठेवलेली फुलं. मॅग्नोलिया तसं आपल्या सोनचाफ्याच्याच घराण्यातलं, पण जांभळी नाक्यावरून सोनचाफ्याची एक पुडी आणली तर अख्खं घर घमघमतं, तसलं काही इथे होणार नाही. एक हात अंतरावर याचा वास संपतो. काहींना हे पैसे वाया गेल्यासारखं वाटतं, मला हेच आवडतं.

का आवडतं ते सांगते. आधी माझ्याकडे गिफ्ट आलेला एक गोड, व्हॅनिलावाला ईडीपी (ओ द पार्फम, म्हणजे जास्त अर्काचा परफ्यूम) होता, डिसेंबरात मस्त वाटायचा, म्हणून मे महिन्यात पण मारला, चार स्प्रे. उकाड्यात अंगावरून वास जास्तच उठतो. लेडीज डब्यात उभी, घामाने पाठ ओली, आजूबाजूला ओल्या केसांचा शॅम्पू, कुणाचा गजरा, कुणाच्या डब्यातली मेथी, आणि त्यात मी. दिघा गेल्यावर समोर बसलेल्या मावशी पदर नाकाला लावून म्हणाल्या, "सेंट जरा कमी मारत जा गं, सकाळी सकाळी मळमळतं." ऐरोली येईपर्यंत खाली बघत उभी होते. तेव्हापासून रोजच्याला असा हलकाच.

आता टिकण्याचं. ब्राइट क्रिस्टल ईडीटी (ओ द त्वालेत) आहे, म्हणजे ईडीपीपेक्षा अर्क कमी, आणि लिंबूवर्गीय वास तर कुठल्याही परफ्यूममध्ये आधी उडतात, आपल्या हवेत अजूनच लवकर. मी सकाळी आठला दोन स्प्रे मारते, अकरा वाजता मला स्वतःला काहीच येत नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं गेले पैसे. पण चार वाजता चहाला गेलो तर मैत्रीण म्हणाली आज काय लावलंयस, छान येतंय. आपलं नाक आपल्याच वासाला सरावतं हो, शिवाय काही मस्क काहींच्या नाकाला कळतच नाहीत, त्यामुळे मनगट हुंगून निकाल लावू नका, दुसऱ्याला विचारा. आणि एक स्प्रे ओढणीवर मारा, सुती असेल तर दुसऱ्या दिवशीपर्यंत मंद येत राहतो (सिल्कवर आणि पांढऱ्यावर नको, डाग पडला तर रडाल).

बघायचं कसं, तर शनिवारी मॉलमध्ये जा, टेस्टरचा एकच स्प्रे मनगटावर, मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत, आणि काहीही न घेता बाहेर पडा. सेल्सगर्ल अजून सहा पट्ट्या हातात देईल, त्या पर्समध्ये टाका. खरं तर तीन वासांनंतर नाक चालतच नाही. मग उन्हातून चाला, रिक्षा करा, ट्रेनने घरी या, रात्री भांडी घासून झाल्यावर परत हुंगा. पहिल्या दहा मिनिटांचा वास सगळ्यांना आवडतो, विकला जातो तोच, पण रोज अंगावर राहणार आहे तो दोन तासांनंतरचा. तो साबणासारखा वाटला आणि नाही आवडला तर सोडून द्या. फळ अजून हवं असेल तर डोल्चे अँड गबानाचा लाइट ब्लू बघा, 2001 चा, लिंबू आणि हिरवं सफरचंद. ब्राइट क्रिस्टलचाच अ‍ॅब्सोल्यू पण मिळतो, तो ईडीपी, जास्त गडद, लग्नाला ठीक, लोकलच्या डब्यात नको.

पैशाचा हिशोब म्हणाल तर एका स्प्रेला साधारण 0.1 एमएल जातं, म्हणजे 30 एमएलमध्ये तीनशेच्या आसपास स्प्रे, रोज दोन धरले तर पाच महिने. मोठी बाटली एमएलमागे स्वस्त पडते हे खरं, पण वर्षभर एकच वास मारून कंटाळा येतो.

ऑनलाइन फार स्वस्त दिसला तर थांबा. एका साइटवरून मी अर्ध्या किमतीत मागवला होता, खोक्यावर इम्पोर्टरचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं स्टिकरच नाही, आणि मारल्यावर आधी नुसतं स्पिरिट. इम्पोर्टेड मालावर ते स्टिकर असायलाच लागतं, तेवढं बघून घ्या.

बाटली बाथरूममध्ये किंवा स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, कपाटात ठेवा. आणि तिचं ते काचेच्या खड्यासारखं झाकण एवढं मोठं आहे की पर्समध्ये नुसती अडचण, ऑफिसात दुपारी एकदा मारायचा असेल तर छोटी रिकामी स्प्रेची बाटली घेऊन त्यात काढून न्या.