तिलारी खोऱ्याची सीमा अशी का पडली?

तिलारी खोरे महाराष्ट्रात असूनही तिथले पाणी, बाजार, नोकऱ्या आणि दवाखाना हे सारे गोव्याकडे का वळलेले आहे, ही सीमा मुळात पडली कशी आणि हा भाग समजून घ्यायचा तर कुठून सुरुवात करावी, असे आपण विचारले आहे. माझे मूळ घर दोडामार्ग तालुक्यातले आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. थोडक्यात उत्तर असे की, ही सीमा डोंगराने किंवा नदीने घातलेली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडी आणि पोर्तुगीज यांच्यातला मुलूख जिथे येऊन थांबला, तिथे ती पडली. खोऱ्याचा व्यवहार मात्र आधीही पाण्याच्या उताराने चालत होता आणि आजही तसाच चालतो.

तिलारी नदी कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या घाटमाथ्यावर उगम पावते, सह्याद्रीची कडा उतरून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात येते आणि पुढे गोव्यात शिरते. गोव्यात तिला कोलवाळची नदी किंवा शापोरा नदी म्हणतात; शापोऱ्याच्या किल्ल्याखाली ती अरबी समुद्राला मिळते. पूर्वेला घाटमाथ्यापलीकडे कर्नाटकातला बेळगाव जिल्हा आहे. खोऱ्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाटमाथ्यावर काळा कातळ, खाली जांभ्याचे सडे आणि त्यांच्याखाली फार जुने, लोहखनिज असलेले खडक अशी इथली जमीन आहे. तालुक्यातल्या कळणे गावात लोखंडाची खाण निघाली ती याच खडकांमुळे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी की, तालुक्याचे सगळे पाणी तिलारीला मिळत नाही. तालुक्यातल्या विर्डी गावाचे पाणी वाळवंटी नदीने गोव्यातल्या साखळी गावाकडे जाऊन म्हादई नदीला मिळते आणि म्हणूनच म्हादई पाणीवाटप लवादापुढे महाराष्ट्रही पक्षकार होता. लवादाने २०१८ साली महाराष्ट्राच्या वाट्याला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, ते या कोपऱ्यासाठी.

आता सीमेकडे येऊ. पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादीत, म्हणजे त्यांनी आधी जिंकलेल्या मुलुखात, आजच्या गोव्यातला बारदेश तालुका होता, पेडणे नव्हते. बारदेश आणि पेडणे यांच्यामधून हीच नदी वाहते, म्हणजे त्या काळी नदीचा खालचा भाग हीच खरी सरहद्द होती आणि दक्षिण काठावरचे शापोरा आणि कोलवाळचे किल्ले पैलतीरावरच्या सावंतांवर नजर ठेवण्यासाठी होते. पुढे सावंतवाडीचे खेम सावंत आणि कोल्हापूरकर यांच्यातला संघर्ष वाढला, तेव्हा सावंतांना पोर्तुगीजांची मदत लागली आणि त्या मदतीची किंमत मुलुखात मोजावी लागली. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ मध्ये पोर्तुगीजांकडे गेल्या होत्याच. १७८८ मध्ये पेडणेही गेले. एवढ्याने सरहद्द नदीकाठ सोडून वर सरकली आणि नदीला आडवी छेदून गेली. वरचे खोरे सावंतवाडी संस्थानात राहिले, खालचे गोव्यात गेले. नात्यागोत्यांची, एकाच देवाला कौल लावणारी गावे अशी दोन राजवटींत वाटली गेली. माझ्या मते या खोऱ्याच्या पुढच्या बहुतेक सगळ्या अडचणींचे मूळ इथेच आहे.

दोन राजवटींच्या मधली ही जागा बंडखोरांना सोयीची होती. बेळगावहून रामघाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदराकडे जाणारी जुनी व्यापारी वाट याच भागातून जात असे आणि तिच्यावर ताबा ठेवणे इंग्रजांना अतिशय महत्त्वाचे वाटे. सावंतवाडी संस्थानाचा कारभार त्यांनी १८३८ मध्ये आपल्या हाती घेतला. त्यानंतर १८४४ मध्ये कोल्हापूरच्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरच्या शिबंदीच्या उठावाबरोबर सावंतवाडीतही उठाव झाला, तेव्हा इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम याच्या पलटणी या रानातून फिरल्या. उठावाचे एक पुढारी फोंड सावंत तांबुळकर आणि त्यांचे साथीदार सरहद्द ओलांडून गोव्यात गेले आणि पोर्तुगीजांनी त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन करण्यास नकार दिला.

संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, पण खालचे खोरे पोर्तुगीजांकडेच राहिले. भारताने १९५५ मध्ये गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारावर जगणाऱ्या इथल्या गावांचा रोजचा व्यवहारच तुटला. नाकेबंदीमागची राष्ट्रीय भूमिका योग्य होती, परंतु तिची झळ या गावांनी किती सोसली हे फारसे कुठे लिहिले गेलेले नाही. पुढे १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याची ५० वी पॅराशूट ब्रिगेड दोडामार्गाच्या बाजूनेच गोव्यात शिरली आणि तिची एक तुकडी त्याच संध्याकाळी पणजीसमोरच्या बेतीपर्यंत पोहोचली. त्या दिवसापासून ही आंतरराष्ट्रीय सरहद्द राहिली नाही. घाटमाथ्यावरची रेषाही याच सुमारास बदलली होती. चंदगड तालुका पूर्वी बेळगाव जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो कोल्हापूरला जोडला गेला आणि बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. घाटावरच्या लोकांची मोठी बाजारपेठ अशा रीतीने दुसऱ्या राज्यात गेली.

आपल्या प्रश्नातला पाण्याचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिलारीवरचे मोठे धरण हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प आहे. दोन्ही सरकारांत १९९० मध्ये करार झाला आणि त्यात गोव्याचा वाटा ७३.३० टक्के, तर महाराष्ट्राचा २६.७० टक्के ठरला. खर्चही याच प्रमाणात वाटून घेतला गेला. आज पेडणे, डिचोली आणि बारदेश या तालुक्यांची शेती तिलारीच्या कालव्यांवर अवलंबून आहे आणि अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून बारदेशच्या नळांना येणारे पाणीही बऱ्याच अंशी याच धरणाचे असते. कालवा कुठे फुटला, तर गोव्यातल्या घरांत दुसऱ्या दिवशी पाण्याची ओरड सुरू होते. मात्र बुडालेली जमीन सगळी वरची, महाराष्ट्रातली आहे. आयनोडे, सरगवे, शिरंगे, पाट्ये, केंद्रे या गावांनी आपली शेते, माडापोफळीच्या बागा आणि देवळे पाण्याखाली सोडली. त्यांच्या पुनर्वसनाचा आणि नोकऱ्यांच्या आश्वासनांचा प्रश्न कित्येक वर्षे आंदोलनांतून गाजत राहिला. धरण नको होते असे मी म्हणणार नाही. परंतु ज्यांच्या अंगणावरून ते पाणी जाते, त्यांची आठवण ते पिणाऱ्यांनी ठेवली पाहिजे असे मला मनापासून वाटते. पाण्याचे दुसरे टोकही आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये अतिवृष्टी झाली आणि धरणातून विसर्ग वाढला, तेव्हा गोव्यातली साळ, इब्रामपूर ही काठावरची गावे पुराने वेढली गेली.

दवाखान्याचेही असेच आहे. आजारी माणसाला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापेक्षा गोव्यातले म्हापसा किंवा बांबोळीचे सरकारी रुग्णालय जवळ पडते. गोव्याच्या सरकारी रुग्णालयांत बाहेरच्या रुग्णांना २०१८ पासून शुल्क लागू झाले, तेव्हा तालुका गोव्यात विलीन करावा अशी मागणी दोडामार्गात उघडपणे पुढे आली. तिला राजकीय रंग होता हे खरे असले, तरी रोज दुचाकीने गोव्यातल्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या तरुणांना ती परकी वाटली नाही.

या खोऱ्याचे एक धन मात्र सीमेमुळेच बरेचसे टिकले असावे, ते म्हणजे रान. बांबर्डे गावात कानळाची राय नावाची देवराई आहे. रायीत शिरल्यावर पायांखालची जमीन एकदम मऊ होते, वर्षभर पाणी झिरपत राहते आणि जायफळाच्या कुळातल्या उंच झाडांची मुळे चिखलातून गुडघा मुडपावा तशी वर येऊन पुन्हा खाली जातात. अशी दलदल सह्याद्रीत फार थोड्या ठिकाणी उरली आहे. इथे ती राहिली, कारण देवाच्या भीतीने तिथे कोणी कोयता लावला नाही. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती उतरले ते याच रानाच्या पट्ट्याने, आणि तेव्हापासून केळी, माड, पोफळी यांच्या नुकसानीची चिंता बागायतदारांच्या मानगुटीवर बसली आहे. राज्य सरकारने २०२० मध्ये २९.५३ चौरस किलोमीटरचे तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. त्याआधी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीला स्थगिती दिली होती. तरीही रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी उतारच्या उतार साफ होताना दिसतात, ही गोष्ट हत्तींच्या प्रश्नापासून वेगळी काढता येणार नाही.

प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर समुद्राकडून वर येऊ नये, वरून खाली उतरावे. चंदगड तालुक्यातल्या पारगडावर प्रथम जावे; तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा तिथे किल्लेदार होते आणि मालुसरे घराणे आजही गडावर नांदते आहे. तटावरून पश्चिमेला पाहिले की संपूर्ण खोरे समोर येते. तिथून तिलारी घाटाने उतरावे. घाट तीव्र उताराचा आणि अरुंद आहे, म्हणून भर पावसात आणि रात्री तो टाळावा. धरण पाहून दोडामार्गाच्या बाजारातून साळमार्गे नदीच्या काठाकाठाने कोलवाळच्या पुलापर्यंत गेल्यास एका दिवसात हा सारा प्रवास होतो.