आलिशान मोटारींच्या कंपनीत नोकरकपात : सही करण्याआधी काय पाहायचं

जुलै 2025 मध्ये जॅग्वार लँड रोव्हरने (जेएलआर) ब्रिटनमधल्या व्यवस्थापकीय पदांवरून 500 पर्यंत लोक कमी करण्याचं जाहीर केलं. कपात ऐच्छिक पद्धतीने होणार होती. मालकी टाटा मोटर्सची असल्यामुळे ब्रिटनमधल्या सॉलिहल, गेडन, कॉव्हेंट्री आणि इकडच्या पिंपरी-चाकण इथल्या मराठी घरांत ही बातमी सारख्याच काळजीने वाचली गेली. त्यानंतर आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे देत आहोत.

या गाड्या घेणारे लोक मंदीतही श्रीमंतच असतात. मग जेएलआर, बेंटली, ॲस्टन मार्टिन यांच्याकडे कपात इतक्या लवकर का सुरू होते? – वाचक, नाशिक

अशा गिऱ्हाइकाकडे पैसा असतो, पण त्याला घाई नसते. तीन वर्षांनी बदलायची गाडी तो निवांत पाचव्या वर्षापर्यंत वापरतो. शिवाय यातल्या बऱ्याचशा गाड्या कर्जावर किंवा लीजवर जातात. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक कोसळली तेव्हा कर्ज देणाऱ्यांनीच हात आखडता घेतला. शोरूममध्ये गाड्या साठल्या की कारखान्याकडे येणारी मागणी ग्राहकाच्या मागणीपेक्षाही जास्त वेगाने पडते, कारण डीलर आधी जुना साठा संपवतो.

दुसरं कारण कारखान्यातच आहे. गाड्या रंगवण्याचा आणि त्यांचा सांगाडा जोडण्याचा विभाग अर्ध्या क्षमतेवर चालवले, तरी त्यांचा खर्च अर्धा होत नाही. मोठ्या कंपनीकडे एक गाडी पडली की सांभाळायला दुसऱ्या दहा असतात. त्या वेळी जेएलआरकडे मोजकीच मॉडेलं होती आणि ब्रिटनमध्ये गाड्या जोडणारे तीन कारखाने होते : सॉलिहल, कॅसल ब्रॉमविच आणि हेलवुड. हात लगेच पोचतो तो माणसांच्या खर्चापर्यंतच.

टाटांनी 2 जून 2008 रोजी सुमारे 230 कोटी डॉलरला फोर्डकडून ही कंपनी घेतली आणि तीनच महिन्यांत मंदी आली. 2008-09 मध्ये टाटा मोटर्सचा एकत्रित तोटा 2,505 कोटी रुपये होता. ब्रिटिश सरकार आणि मोटार कंपन्यांनी मिळून जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला 2,000 पौंडांची सवलत दिली खरी, पण लहान गाडीच्या किमतीत जाणवणारी ही रक्कम रेंज रोव्हरच्या किमतीत दिसतही नाही.

या काळात माणसं कमी करण्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी एजन्सीमार्फत आलेले कामगार गेले. जानेवारी 2009 मध्ये 450 पदं कमी झाली आणि त्यांतही व्यवस्थापक जास्त होते. मग मार्च 2009 मध्ये कामगार संघटनांशी करार झाला : पगारवाढ गोठवायची, आठवडा चार दिवसांचा करायचा आणि बदल्यात दोन वर्षं सक्तीची कपात करायची नाही. आमच्या मते त्या संपूर्ण काळातला हा सगळ्यात शहाणा निर्णय होता. वेल्डर किंवा कॅलिब्रेशन इंजिनिअर एकदा गेला की मागणी परतल्यावर तो आयता मिळत नाही. 2011 मध्ये हेलवुडला रेंज रोव्हर इव्होक या नव्या गाडीचं उत्पादन सुरू झालं, तेव्हा तिथे मोठी भरती करावी लागली. क्रू या गावातल्या बेंटलीनेही 2009 च्या वसंतात कारखाना सात आठवडे बंद ठेवून वेळ काढला. ॲस्टन मार्टिनने मात्र डिसेंबर 2008 मध्ये साधारण 1,850 पैकी 600 पर्यंत लोक कमी करण्याचं जाहीर केलं होतं.

प्रत्येक कपातीमागे जागतिक मंदीच असते असं नाही, हेही ध्यानात ठेवा. जानेवारी 2019 मध्ये जेएलआरने 4,500 पदं कमी करण्याचं जाहीर केलं, ते चीनमधली घसरलेली विक्री, डिझेलवरचा उडालेला विश्वास आणि ब्रेक्झिटची अनिश्चितता यांमुळे.

मी वेस्ट मिडलंड्समध्ये एका मोटार कंपनीत स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. ‘ॲट रिस्क’ असं पत्र आलंय. नोकरी गेली का? व्हिसाचं काय होईल? – वाचक, सॉलिहल

नोकरी अजून गेलेली नाही. तुमचं पद कमी होऊ शकतं, एवढंच ते पत्र सांगतं. एका ठिकाणी 90 दिवसांच्या आत 20 ते 99 लोक कमी होणार असतील, तर पहिला माणूस कमी करण्याआधी कंपनीला कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी किमान 30 दिवस सल्लामसलत करावी लागते. 100 किंवा जास्त असतील तर 45 दिवस. (2009 मध्ये हीच मुदत 90 दिवस होती, एप्रिल 2013 पासून ती घटली.) हे दिवस नुसते वाट पाहण्यात घालवू नका. तुम्हाला कोणाकोणाबरोबर एका गटात तोलताहेत, निकष कोणते आणि तुमचे गुण किती, हे लेखी मागा. चुका बहुतेक इथेच होतात : बदली झालेल्या माणसाला जुन्या विभागाच्या गटात धरलं जातं, आजारपणाच्या किंवा बाळंतपणाच्या रजेचे गुण कापले जातात. गरोदर असलेल्या किंवा बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या कर्मचारी बाईंचं पद जाणार असेल, तर कंपनीतल्या योग्य रिकाम्या जागेवर पहिला हक्क त्यांचा असतो.

आता व्हिसा. स्किल्ड वर्कर व्हिसा कंपनीतल्या नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी संपल्यावर कंपनीला दहा कामकाजी दिवसांत होम ऑफिसला (ब्रिटनच्या गृहखात्याला) कळवावं लागतं. मग होम ऑफिस तुमची मुदत कमी करणारं पत्र पाठवतं आणि त्यात साधारण 60 दिवस दिले जातात. व्हिसाच त्याहून आधी संपत असेल, तर तीच तारीख शेवटची. पत्र उशिरा येईल यावर विसंबू नका. आपला ईमेल आणि पत्ता होम ऑफिसकडे अद्ययावत आहे ना, हे आजच पाहा. जुन्या ईमेलवर गेलेलं पत्रही पोचलेलंच धरलं जाऊ शकतं.

इथे एक निर्णय फार मोलाचा आहे. कंपनी बहुधा दोन पर्याय देते : नोटिशीचे महिने पगारावर काढा (काम करून किंवा घरी बसून), नाहीतर त्या महिन्यांचे पैसे एकदम घ्या आणि आजच मोकळे व्हा. ब्रिटिश नागरिकाला दुसरा पर्याय सोयीचा वाटतो. व्हिसावर असलेल्याने शक्यतो पहिला घ्यावा, कारण नोटीस चालू आहे तोवर नोकरी चालू असते आणि व्हिसाचं घड्याळ सुरू होत नाही. शेवटची तारीख पुढे ढकलून मागायलाही लाजू नका. पाच वर्षं पुरी होत आली असतील आणि कायमच्या वास्तव्याचा अर्ज जवळ असेल, तर एकेक आठवडा मोजून घ्या आणि अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाला कागद दाखवा.

नवी कंपनी स्पॉन्सरच्या (परदेशी माणसाच्या व्हिसाची जबाबदारी घेऊ शकणाऱ्या कंपन्यांच्या) सरकारी यादीत असली पाहिजे आणि तिने नवं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट (सीओएस) दिलं पाहिजे. नवीन अर्ज मंजूर होईपर्यंत तिथलं काम सुरू करता येत नाही. जुलै 2025 पासून सर्वसाधारण किमान पगार 41,700 पौंड झाला आहे. 4 एप्रिल 2024 च्या आधीपासून जे या व्हिसावर आहेत, त्यांच्यासाठी मर्यादा कमी आहे. ही तारीख भरती करणाऱ्याला आवर्जून सांगा. ती माहीत नसल्यामुळे लोक उगाच नाकारले जातात. खर्चही धरून चाला : सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभारच प्रौढ माणशी वर्षाला 1,035 पौंड आहे आणि तो नव्या व्हिसाच्या पूर्ण मुदतीसाठी आगाऊ भरावा लागतो.

कंपनीने स्वेच्छेने जाणाऱ्यांसाठी चांगली रक्कम देऊ केली आहे. वय 43, नोकरी 9 वर्षं. घ्यावी का? – वाचक, कॉव्हेंट्री

आधी कायद्याने किती मिळेल ते काढा. 41 नंतर पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षाला दीड आठवड्याचा पगार, 22 ते 40 वयातल्या वर्षाला एक आठवडा, त्याआधीच्या वर्षाला अर्धा. तुमची दोन वर्षं दीडपटीची आणि सात वर्षं एकपटीची, म्हणजे एकूण 10 आठवडे. आठवड्याच्या पगाराला मर्यादा असते आणि ती दर एप्रिलला बदलते. एप्रिल 2025 पासूनच्या वर्षासाठी ती 719 पौंड होती. त्या हिशेबाने 7,190 पौंड. दोन वर्षांपेक्षा कमी नोकरी असेल, तर कायद्याने काहीच नाही. कंपनीची देऊ केलेली रक्कम याच्या किती पट आहे, हे आता समोर दिसेल.

कराचा हिशेब लोक इथे चुकतात. रिडंडन्सीच्या (पद रद्द झाल्याबद्दल मिळणाऱ्या) रकमेतले पहिले 30,000 पौंड करमुक्त असतात. समजा, रिडंडन्सीचे 38,000 आणि नोटिशीऐवजी 13,500 असे मिळून 51,500 पौंड देऊ केलेत. वरच्या 8,000 वर आयकर लागेल, पण तुमच्याकडून नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याची कपात) जाणार नाही. नोटिशीच्या 13,500 वर दोन्ही लागतील, कारण ते पगारासारखेच धरले जातात. शिल्लक रजेच्या पैशांचंही तसंच. रक्कम मोठी असेल, तर काही भाग थेट पेन्शनमध्ये टाकता येईल का ते विचारा. मार्चऐवजी एप्रिलच्या 6 तारखेनंतर पैसे मिळाले आणि पुढचं वर्ष कमी कमाईचं जाणार असेल, तरी कर बराच वाचतो.

सेटलमेंट ॲग्रीमेंट (पैसे घेऊन कंपनीवर दावा न करण्याचा करार) पुढे आलं, तर स्वतंत्र कायदेशीर सल्ल्याशिवाय ते बंधनकारक ठरत नाही, आणि त्याची फी सहसा कंपनीच देते. विचाराला दहा दिवस मागा. त्यात बोनस, शेअर, कंपनीच्या योजनेतली गाडी परत करण्याची तारीख, संदर्भपत्राचा मजकूर आणि प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यावरची बंदी या पाच गोष्टी शब्दन् शब्द वाचा.

घ्यावी का, तर दुसरी नोकरी दृष्टिपथात असेल आणि तुमचं काम नव्या मॉडेलांच्या यादीत बसत नसेल, तर घ्या. ऐच्छिक फेरीतली रक्कम पुढच्या सक्तीच्या फेरीत टिकेलच असं नाही. पण व्हिसा कंपनीवर अवलंबून असेल, तर मागच्या उत्तरातलं गणित आधी करा.

मी एजन्सीतर्फे असेंब्ली लाइनवर आहे. मला यातलं काय लागू? – वाचक, बर्मिंगहॅम

दुर्दैवाने फार थोडं. जून 2020 मध्ये जेएलआरने 1,100 एजन्सी कामगार कमी केले, कारण त्यांना कमी करणं सगळ्यात सोपं असतं. तुमचा करार एजन्सीशी आहे, म्हणून नोटीस आणि रजेचे साठलेले पैसे तिच्याकडे मागा. तुम्ही एजन्सीचे कर्मचारी म्हणून दोन वर्षं पूर्ण केली असतील, तर रिडंडन्सीचा दावाही तिच्यावरच. कायद्याच्या नजरेत तुम्ही कर्मचारी ठरता की नुसते वर्कर (कमी हक्क असलेले कामगार), यावर सगळं अवलंबून आहे.

चाकणला आलिशान गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात 8 वर्षं आहे. ऑर्डर घटल्या म्हणून एचआर राजीनामा मागतंय. – वाचक, चाकण

राजीनामा देऊ नका. राजीनामा म्हणजे तुम्ही स्वतःहून गेलात, आणि मग कपातीची भरपाई बुडते. ‘कामाअभावी कमी करत आहोत’ असं लेखी मागा. तोंडी दबाव येत असेल, तर त्याच दिवशी एचआरला ईमेल करा : अमुक वाजता मला राजीनामा द्यायला सांगितलं, माझी तयारी नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि दर वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. पगार 40,000 रुपये असेल, तर 8 वर्षांचे ढोबळमानाने 1,60,000. ग्रॅच्युइटी वेगळी : तिच्यासाठी धरलं जाणारं वेतन 26,000 असेल, तर त्याला 15 ने गुणून 26 ने भागायचं आणि 8 ने गुणायचं, म्हणजे 1,20,000 रुपये. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग आता वेतनात धरला जातो, म्हणून जुन्या पद्धतीने काढलेला आकडा स्वीकारू नका. शिवाय पुनर्कौशल्य निधीतून (कमी केलेल्या कामगारांना नवं काम शिकता यावं म्हणूनच्या निधीतून) 15 दिवसांचं वेतन मिळायला हवं. पगाराची बाकी दोन कामकाजी दिवसांत चुकती झाली पाहिजे.

कारखान्यात 300 किंवा जास्त कामगार असतील, तर कपातीला सरकारची परवानगी लागते. पूर्वी हा आकडा 100 होता. त्याच प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जातो, हा नियम कायम आहे. ज्येष्ठतेची यादी मागा. मात्र व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांना आणि 18,000 च्या वर पगार असलेल्या पर्यवेक्षकांना कपातीची ही कलमं लागू होत नाहीत. त्यांचा आधार नेमणूकपत्र.

मुलगा ब्रिटनमधली नोकरी सुटल्याने पुण्याला परततोय. तिकडची पेन्शन काढून घर घ्यावं का? – वाचक, कोथरूड

वयाच्या 55 आधी ती काढता येत नाही. 6 एप्रिल 2028 पासून ही मर्यादा 57 होईल. ‘आत्ताच काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. अशा उचलीवर ब्रिटनमध्ये 55 टक्क्यांपर्यंत कर बसतो आणि मध्यस्थाचं कमिशन वेगळंच जातं. परतण्याआधी मुलाने कंपनीकडून पी45 (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) घ्यावा, देश सोडताना पी85 हा कर खात्याचा फॉर्म भरावा (वर्षाच्या मध्येच परतल्यास जादा कापलेला कर अनेकदा परत मिळतो), पेन्शन कंपनीला पुण्याचा पत्ता द्यावा आणि तिथलं बँक खातं परतावा जमा होईपर्यंत चालू ठेवावं.