इन्कॉग्निटोमध्ये उघडलं होतं, तरी ऑफिसला कळलं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आयटी कंपनीत तीन वर्षं झाली. ऑफिसच्या लॅपटॉपवर, इन्कॉग्निटो खिडकीत स्वतःचं जीमेल उघडून दोन ठिकाणी रेझ्युमे पाठवला. आठवड्याभरात एचआरने बोलावून हसत हसत विचारलं, "काय, बाहेर बघताय म्हणे?" तर कंपनीने मेल वाचला का, तो वाचणं कायद्यात बसतं का, आणि स्वतःच्या फोनवरचं कंपनीला काय दिसतं?

मी सतरा वर्षं कंपन्यांच्या सिस्टिम्स सांभाळतोय, म्हणजे एचआर जिला फोन करून "जरा लॉग काढून दे" म्हणतं, त्या खुर्चीत बसलोय. त्या खुर्चीतून आधी एक उलटा प्रश्न विचारतो. नोकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइल अपडेट केलं होतं का? कारण तुमच्या एचआरमधली भरती करणारी मंडळी दिवसभर त्याच साइटवर माणसं शोधत असतात. "पुणे, जावा, तीन ते पाच वर्षं" असं टाकलं की ताजं अपडेट झालेलं प्रोफाइल वर येतं, आणि त्यात आपल्याच मजल्यावरचा फोटो दिसतो. ज्यांना "कंपनी हेरगिरी करते" असा ठाम विश्वास होता, अशा तीनचार जणांच्या बाबतीत शेवटी हेच निघालं होतं. आपल्या कंपनीला प्रोफाइल दिसू नये अशी सोय तिथे सेटिंगमध्ये आहे. लोक ती वापरत नाहीत, किंवा एक नाव ब्लॉक करतात आणि ग्रुपच्या दुसऱ्या कंपनीच्या नावाने असलेलं खातं विसरतात.

ते नसेल, तर मग लॅपटॉपकडे वळू.

इन्कॉग्निटोचा अर्थ एवढाच की ब्राउझर तुमच्या मशीनवर हिस्टरी आणि कुकीज साठवून ठेवत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर भावाने काही बघू नये, इतपतच त्याचा उपयोग. ऑफिसच्या लॅपटॉपवरून निघालेली प्रत्येक विनंती बहुतेक मोठ्या कंपन्यांत प्रॉक्सीतून, म्हणजे कंपनीने मध्ये बसवलेल्या सर्व्हरमधून जाते, मग तुम्ही ऑफिसात बसा नाहीतर घरी. आता तुम्ही म्हणाल, जीमेल तर एनक्रिप्टेड असतं. असतं. पण लॅपटॉप तुमच्या हातात देण्याआधी आमच्यासारख्यांनी त्यात कंपनीचं स्वतःचं रूट सर्टिफिकेट टाकून ठेवलेलं असतं. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने तुमचं बंद पाकीट उघडावं, आत बघावं आणि स्वतःचं सील मारून पुढे पाठवावं, तसं ते चालतं. लॅपटॉपला त्या सीलवर विश्वास ठेवायला आधीच शिकवलेलं असल्यामुळे तो कुरकुर करत नाही.

हे तुमच्याकडे होतं का, ते दोन मिनिटांत बघता येतं. क्रोममध्ये जीमेल उघडा, पत्त्याच्या डाव्या हाताचं चिन्ह दाबा, कनेक्शन सुरक्षित असल्याचं लिहिलंय तिथे जा, मग सर्टिफिकेट उघडा. ते कोणी दिलंय त्या ओळीत 'गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस' असेल तर पाकीट वाटेत उघडलेलं नाही. तिथे तुमच्या कंपनीचं किंवा झेडस्केलरसारख्या एखाद्या प्रॉक्सीवाल्याचं नाव असेल, तर उघडता येतंय. बँकांच्या आणि हॉस्पिटलांच्या साइट बहुतेक ठिकाणी मुद्दाम यातून वगळतात, त्यामुळे बँकेच्या साइटवर बघून निश्चिंत होऊ नका.

पण खरं सांगू का, रेझ्युमेच्या बाबतीत एवढं करायचीही गरज नसते. फाइल डेस्कटॉपवर सेव्ह केली होती ना? बऱ्याच कंपन्यांत डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर आपोआप कंपनीच्या वनड्राइव्हवर जातात. म्हणजे तुमच्या नावाचा 'रेझ्युमे_फायनल_२' कंपनीच्याच गोदामात पडलाय. शिवाय डेटा बाहेर जाऊ नये म्हणून बसवलेलं डीएलपी सॉफ्टवेअर ब्राउझरमधून कुठली फाइल कुठल्या साइटवर चढवली याची नोंद करतं. मेलचा मजकूर कोणी वाचला नसला तरी फाइलचं नाव पुरतं.

आता ही नोंद बघतं कोण? रोज उठून कोणी बघत नाही. तेवढी माणसं नसतात आणि तेवढी हौसही नसते. नोंद सगळ्यांची होते, वाचली जाते ती ज्याच्यावर कोणाचा डोळा आहे त्याची. मला यातलं भीतीदायक वाटतं ते हेच.

२०१२ ची गोष्ट. तीनशेएक माणसांची कंपनी, मेल सर्व्हर आमच्याच खोलीत. एका संध्याकाळी एक मॅनेजर माझ्या टेबलाशी आला आणि आपल्या टीममधल्या एका मुलाचा मेलबॉक्स मागितला. "आठवड्यातून तीनदा चारला पळतो, कुठेतरी दुसरीकडे काम करतोय." मी कॉपी काढून पेन ड्राइव्हवर दिली. ना तिकीट, ना एचआरचा मेल. फाइल नीट उघडते का बघायला मीच ती आधी उघडली, तर सगळ्यात वरचा मेल हॉस्पिटलचा: वडिलांच्या डायलिसिसचं वेळापत्रक, मंगळवार, गुरुवार, शनिवारऐवजी आता सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच. मी मॅनेजरला तसं सांगितलं. तो म्हणाला, "ते असू दे, बाकी काय आहे ते बघतो." चार महिन्यांत मुलगा नोकरी सोडून गेला. त्यानंतर लेखी विनंती आणि दोन सह्या असल्याशिवाय मी कोणाचा मेलबॉक्स कोणाला दिलेला नाही, पण ही माझी सवय झाली, कायदा नव्हे.

कायद्याचं चित्र तुमच्या दृष्टीने फारसं सुखाचं नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतात, खासगी मालकाला ती ढाल दाखवणं सोपं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरण्याबद्दल आहे, आणि लॅपटॉपची मालक कंपनीच. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याकडून लोकांना आशा होती. त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीशी संबंधित कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची संमती न घेता डेटा वापरायला वाट ठेवलीय. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात १८ महिन्यांची मुदत आहे. उलट सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांमुळे सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवणं कंपन्यांना भागच आहे. आणि जॉइनिंगच्या दिवशी तुम्ही न वाचता ज्या पंधरावीस कागदांवर सह्या केल्यात, त्यातल्या आयटी पॉलिसीत "कंपनीच्या उपकरणांवर खासगीपणाची अपेक्षा ठेवू नये" असं वाक्य बहुधा सापडेल. ती पॉलिसी इंट्रानेटवरून काढून एकदा वाचाच.

एक रेघ मात्र कंपनीलाही ओलांडता येत नाही. ब्राउझरमध्ये सेव्ह राहिलेला तुमचा पासवर्ड वापरून कोणी तुमच्या खासगी जीमेलमध्ये शिरलं, तर ते खातं कंपनीचं नाही. स्वतःच्या वाहिनीवरून जाणारं बघणं वेगळं, तुमच्या खात्यात लॉगिन करणं वेगळं. जीमेलच्या तळाशी उजवीकडे खात्याची अलीकडची हालचाल दिसते, ती उघडून अनोळखी लॉगिन आहे का ते बघा. असेल तर स्क्रीनशॉट काढा आणि मगच वकिलाकडे जा.

युरोपात थोडं बरं आहे. रोमानियातल्या बार्बुलेस्कू नावाच्या इंजिनियरला कंपनीने ग्राहकांसाठी याहू मेसेंजरचं खातं उघडायला लावलं होतं. खासगी कामासाठी ते वापरलं का असं विचारल्यावर त्याने 'नाही' असं लेखी दिलं. मग त्याच्यापुढे ४५ पानांचा उतारा आला, त्यात भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी झालेल्या गप्पासुद्धा. २००७ मध्ये नोकरी गेली. दहा वर्षांनी, सप्टेंबर २०१७ मध्ये, युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला: पाळत कशी आणि किती, हे त्याला आधी सांगितलं होतं का, याची रोमानियाच्या कोर्टांनी धड तपासणीच केली नव्हती. तुमचे कोणी नातेवाईक जर्मनीत असतील तर विचारा, तिथे असं सॉफ्टवेअर बसवताना कामगारांच्या परिषदेला विचारावं लागतं.

या प्रकरणातून तुमच्या कामाची गोष्ट एकच. एचआरला काही लेखी द्यायची वेळ आली, तर खोटं देऊ नका. त्यांच्याकडे काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं. "संधी आली तर बघते, सध्या काही ठरलेलं नाही" एवढं तोंडी पुरे. नोकरी शोधणं हा गुन्हा नाही.

खरा धोका पुढे आहे, राजीनामा टाकल्यावर. मी जिथे जिथे काम केलं तिथे माणसाने राजीनामा दिला की त्याच्या आधीच्या ३० दिवसांचा अहवाल निघायचा: पेन ड्राइव्ह, मोठ्या अटॅचमेंट, स्वतःच्या जीमेलला पाठवलेल्या फाइली. आठवण म्हणून स्वतःचाच कोड घेऊन जाणारी गुणी मुलं यात अडकतात आणि रिलीव्हिंग लेटर, फुल अँड फायनल लटकतं. सॅलरी स्लिप, फॉर्म १६, अप्रेझलचे मेल एवढंच घ्या, आणि तेही आत्ताच, हळूहळू.

फोनबद्दलही विचारलंयत. स्वतःचा फोन ऑफिसच्या वायफायवर असेल तर कुठल्या साइटवर गेलात ते साधारण दिसतं, आतला मजकूर नाही, कारण फोनमध्ये ते सर्टिफिकेट नसतं. अँड्रॉइडवर ऑफिसचे अ‍ॅप ब्रीफकेसच्या चिन्हासह वेगळ्या वर्क प्रोफाइलमध्ये असतील तर कंपनीचा हात तिथपर्यंतच पोचतो, तुमचे फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या बाहेर. मात्र व्हॉट्सअ‍ॅप वेब ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडलंत की ते कंपनीच्या स्क्रीनवर आलं, आणि स्क्रीनशॉट काढणारी सॉफ्टवेअर असतात.

या नोंदी नेहमी वैरीच असतात असंही नाही. एका मुलीला तिचा वरिष्ठ टीम्सवर, म्हणजे ऑफिसच्या चॅटवर, नको ते लिहायचा आणि मागाहून पुसायचा. तिच्या तक्रारीनंतर ऑफिसातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या पॉश समितीने आमच्याकडून साठवलेली प्रत मागवली, त्यात पुसलेलं सगळं होतं. त्या वेळी दोन सह्या यायला एक तासही लागला नाही.

तर सोमवारी ते सर्टिफिकेट बघा आणि तिथे कोणाचं नाव येतं ते इथे लिहा. नोकरी डॉट कॉमवरचं सेटिंग मात्र आज रात्रीच बदला, स्वतःच्या फोनवरून.