मूलपेशी उपचार आणि कर्करोगाच्या मूलपेशी, यांची गल्लत करू नका

ताई, बाबांच्या लहान आतड्यात नेट (न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ), यकृतात गाठी, ल्युटेशियम या किरणोत्सर्गी औषधाचे चार डोस झालेले, आणि आता नातेवाईक म्हणतात, ‘कर्करोग मूलपेशींमुळे (स्टेम सेलमुळे) उलटतो, म्हणून मूलपेशी उपचार घ्या.’ पैसे भरण्याआधी विचारलंत, फार बरं केलंत. माझ्या नवऱ्यालाही नेटच आहे. सात वर्षं हेच वाचते आहे.

त्यांच्या बोलण्याचा पहिला अर्धा भाग निराधार नाही. शेतात हराळी वरून कापली तरी जमिनीतल्या काशा राहिल्या की ती पुन्हा फुटते. गाठीतल्या थोड्या पेशी अशाच काशांसारख्या असतात, त्याच कर्करोगाच्या मूलपेशी, अशी ही कल्पना. टोरांटोत जॉन डिक यांच्या गटाने १९९४ मध्ये रक्ताच्या कर्करोगात अशा पेशी दाखवल्या. पचनमार्गाच्या नेटमध्ये २०११ साली, अल्डीहाइड डीहायड्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) जास्त असलेल्या पेशी वेगळ्या काढल्या, तर त्यांनी उंदरांमध्ये गाठी धरल्या. पण तेच विकर आपल्या रक्ताच्या निरोगी मूलपेशींतही भरपूर असतं. मग चांगल्याला धक्का न लावता वाईट तेवढं मारायचं कसं? शिवाय हराळीची उपमाही पुरती लागू नाही, कारण कर्करोगाच्या साध्या पेशीही कधी कधी पुन्हा मूलपेशींसारख्या वागू लागतात. म्हणूनच नेटमधल्या या पेशींवर आज मान्यताप्राप्त औषध नाही, आणि बायोप्सीत त्यांची नेहमीची तपासणीही होत नाही.

जाहिरातीतला मूलपेशी उपचार म्हणजे बाहेरून पेशी टोचणं. त्याने या काशा निघत नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या काही आजारांतलं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सारं फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतं. क्लिनिककडे सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. आणि चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून का घेताय, हेही विचारा.

खरा वेळ डॉक्टरांसोबत घालवा. केआय-६७, म्हणजे गाठीतल्या किती टक्के पेशी वाढत आहेत ते, किती आहे? ३ टक्क्यांच्या आत असेल तर ग्रेड १, म्हणजे गाठ सहसा संथ वाढते. गॅलियम स्कॅनमध्ये (हा सोमॅटोस्टॅटिनचे ग्राही असलेल्या गाठी दाखवतो) न दिसणारी, पण एफडीजी पेटमध्ये (हा जास्त साखर वापरणाऱ्या गाठी दाखवतो) चमकणारी एखादी गाठ आहे का? ल्युटेशियम सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाच्या ग्राहींना, म्हणजे पेशीवरच्या ते पकडणाऱ्या जागांना, चिकटूनच काम करतं, त्यामुळे ग्राही नसलेल्या गाठीपर्यंत ते पोचत नाही. अशी गाठ निघाली, तर तिची नवी बायोप्सी करायची का, हे त्याच भेटीत विचारून घ्या. जुने स्कॅन सीडीवर सोबत न्या, नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही.