तुझ्या मेलमधला ‘डाउट’

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

इंग्लंडच्या ग्राहकाला पाठवायच्या मेलचा मसुदा काल रात्री वाचला. व्याकरणाची एकही चूक नाही. तरी आहे तसा पाठवू नकोस. तुझ्या मनातही नाही असं बरंच काही त्याला त्यात ऐकू येईल.

पहिलंच वाक्य घे : ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर ड्रॉइंग.’ तुला एवढंच विचारायचं होतं की भोकाचा व्यास 12 मिलिमीटर धरायचा की 12.5. शाळेपासून आपण सरांना शंका विचारत आलो, म्हणून ‘डाउट’ पटकन हाताशी येतो. पण आपल्या ‘शंके’त साधा प्रश्नही बसतो आणि संशयही. तिकडच्या ‘डाउट’मध्ये संशयच असतो. तो वाचेल की तुमचं ड्रॉइंग आम्हाला बरोबर वाटत नाही. तिथे ‘क्वेश्चन’ लिही.

‘अपेक्षे’चंही तसंच. ‘शुक्रवारपर्यंत उत्तराची अपेक्षा आहे’ हे मराठीत सौम्य वाटतं. ‘आय एक्स्पेक्ट युअर रिप्लाय बाय फ्रायडे’ ही मात्र साहेबाने हाताखालच्या माणसाला दिलेली ताकीद वाटते. तुला हवा आहे तो ‘होप’. आणि ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर देणं, हे आपल्याकडच्या ऑफिसांत सगळ्यांना कळतं, इथे खुशाल वापर. तिकडे त्याचा नेहमीचा अर्थ पूर्वस्थितीला परत जाणं असा आहे.

हे मी ठेच लागून शिकले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका परदेशी कंपनीला फॅक्स केला होता : ‘वी डिमांड अ रिव्हाइज्ड ड्रॉइंग.’ माझ्या डोक्यात ‘सुधारित ड्रॉइंगची मागणी करत आहोत’ हे वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी उत्तर थेट साहेबांच्या टेबलावर आलं, आमच्याकडून काय चुकलं म्हणून. त्या दिवशीची लाज अजून आठवते. गंमत अशी, की हा शब्द फ्रेंचमधून आलेला आहे आणि तिथे ‘दमांदे’ म्हणजे नुसतं विचारणं, मागणं. इंग्रजीत येऊन तो करडा झाला.

1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबाराचा, कोर्टाचा कारभार पुढे बराच काळ फ्रेंचमध्ये चालला. म्हणून तिथे घरच्या शब्दाशेजारी एक दरबारी शब्द बसलेला दिसतो : ‘बाय’ आणि ‘पर्चेस’, ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’. अर्थ जवळजवळ एकच, पण बसायची जागा निराळी. आपल्याला हे नवीन नाही. जलशुद्धीकरण केंद्र असतं, पण पाहुण्याला आपण पाणीच देतो. तू मात्र ‘वी विल कमेन्स द वर्क ऑन मंडे’ लिहिलंस. करारनाम्यात ते शोभेल. रोज ज्याच्याशी फोनवर बोलतेस त्याला ‘स्टार्ट’ पुरे.

जड शब्द म्हणजे आदर, अशी तुझी समजूत झालेली दिसते, आणि ती का झाली तेही कळतं. मराठीत आदर ‘तुम्ही’, ‘आपण’मध्ये असतो, ‘द्या’, ‘द्याल का’, ‘द्यावे’मध्ये असतो. इंग्रजीत धाकट्याला आणि थोरल्याला एकच ‘यू’. मग आपल्याला चुकल्यासारखं वाटतं आणि आपण प्रत्येक वाक्यात ‘काइंडली’ घालतो. ‘काइंडली सेंड द ड्रॉइंग’ ही ‘काइंडली’ लावूनही आज्ञाच राहते, कधी कधी तर त्रासून म्हटल्यासारखी वाटते. इंग्रजीत नम्रता क्रियापदाला जरा मागे सरकवून येते : ‘कॅन’चा ‘कुड’, ‘विल’चा ‘वुड’. ‘कुड यू सेंड अस द ड्रॉइंग’ एवढ्यात तुझं ‘द्याल का’ पूर्ण उतरतं.

मसुदा सुधारून उद्या दुपारपर्यंत मला दाखव. आणखी एक : सुरुवातीला तू त्यांचं आडनाव लिहिलं आहेस, तेव्हा शेवटी ‘युअर्स फेथफुली’ नको, ‘युअर्स सिन्सिअरली’ कर. ‘फेथफुली’ नुसत्या ‘डिअर सर’साठी.

तुझी,
मावशी